बसून करायचं काम

आमच्या स्वयंपाकघरात एक जुना रिवाज होता. ज्याला बरं नसेल त्याला शेगडीपाशी उभं करायचं नाही. त्याला खिडकीखालच्या लांब टेबलाशी स्टूल द्यायचं, पुढ्यात सुरी आणि फळं ठेवायची आणि म्हणायचं, बस, निवांत चीर. हे बसून करायचं काम. ताप असो, कंबर धरलेली असो, पोट बिघडलेलं असो, रडून डोळे सुजलेले असोत, सगळ्यांवर तोच उतारा. माझ्या आधीच्या मोठ्या बाईंनी तो मला शिकवला आणि मी तो पंधरा वर्षं इमानेइतबारे पाळला. मला त्याचा अभिमानच होता म्हणा ना. बाकीच्या ठिकाणी आजारी माणसाला राबवतात, आमच्याकडे बसवतात, असं मी चारचौघांत सांगत असे.

मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराची प्रमुख आहे. बेचाळीस म्हातारी माणसं, दिवसाला चार वेळचं खाणं आणि हाताखाली चार माणसं. त्यातली दोन कायम गैरहजर, त्यामुळे खरं तर दोनच. एक शेगडी सांभाळणारा दादा आणि दुसरी माझी सख्खी थोरली बहीण. कामावर मला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. ताईही म्हणते, आणि म्हणताना हमखास हसते, कारण माझ्या वेण्या तिनं घातल्यात आणि मला चार फटकेही तिनंच दिलेत.

पाच वर्षांपूर्वी मेव्हणे गेले आणि ताई माझ्याकडे राहायला आली. पहिले सहा महिने ती माझ्या दोन खोल्यांत पाहुण्यासारखी वावरायची. चहा हवा असला तरी विचारायची. मग मी व्यवस्थापकसाहेबांकडे शब्द टाकला आणि तिला कामाला लावलं. रोजंदारीवर, पण काम ते काम. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती आयुष्यात पहिल्यांदा खांद्याला पिशवी लावून घराबाहेर पडली. महिन्याभरात ती माझ्याशी भांडायला लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ही नोकरी गेली तर तिला दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तर त्या मंगळवारी. आदल्या रात्री ताईनं तीनदा उलटी केली होती. सकाळी भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आज नको गं मला. पोटात नुसतं ढवळतंय. पाय लटपटतायत.”

मी केस विंचरत होते. “ताई, दोघी आधीच नाहीयेत. तूही नाही आलीस तर मी काय बेचाळीस ताटांपुढे नाच करू?”

“संडासला सारखं जावं लागतंय.”

“मग तिथं काय संडास नाही का? एक गोळी घे आणि चल. तुला शेगडीपाशी येऊच देणार नाही मी. बसून फळं चीर, झालं.”

तिनं पिशवी घेतली आणि चालायला लागली. मला वाटलं, मी किती समजून घेतलं तिला! अजूनही तो क्षण आठवला की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

दिवसभर ती टेबलाशी बसली. मधेमधे उठून जायची, येऊन नळाखाली हात धरायची, भिंतीवरच्या बाटलीतली जेल चोळायची आणि पुन्हा सुरी घ्यायची. चार वाजता तिनं चिरलेली पपई, केळी, द्राक्षं वाट्यांत भरली, वाट्या ट्रेमध्ये लावल्या. तिचा हात नेटका. प्रत्येक वाटीत बोटांनी एकेक फोड सारखी करायची तिला सवय. दादा म्हणाला सुद्धा, “ताईंची वाटी म्हणजे फोटो काढावा.”

बुधवारी रात्री पहिली उलटी झाली ती कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना. त्यांच्यामागून एकेक करत सगळा मजला जागा झाला. गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा एकोणीस माणसं आडवी होती, जिन्यात वास कोंदला होता आणि कोपऱ्यातल्या आजींना सलाईन लावायला रुग्णालयात नेलं होतं. रात्रपाळीच्या मुली भुतासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. व्यवस्थापकसाहेब मला बघताच म्हणाले, “काय खायला घातलंत?” नमस्कार नाही, चमत्कार नाही.

त्यांनी सकाळीच आरोग्य खात्याला कळवलं होतं. कळवणं भागच होतं, आजी रुग्णालयात होत्या. माझ्यामागोमाग ते स्वयंपाकघरात आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, “तपासायला बाई येतायत. ज्याच्यामुळे झालं असेल तो माणूस उद्या इथे दिसणार नाही. विश्वस्तांना मला नाव द्यायचंय.”

ते गेल्यावर ताई मला भांडारात घेऊन गेली. तिचा चेहरा अजून उतरलेलाच होता. “माझ्यामुळे झालं का गं?”

“काहीतरीच काय. पाण्यातून आलं असेल. अंड्यांतून आलं असेल.”

“मला अजून जुलाब होतायत.”

“हे कुणापुढे बोलू नकोस,” मी म्हणाले.

तपासणीच्या बाई दहाला आल्या. पस्तिशीच्या असतील, पायात बूट, खांद्याला नमुने ठेवायचा थंड खोका, डोळ्यांखाली काळं. आठवड्यातली ही त्यांची तिसरी जागा होती, असं त्यांनीच सांगितलं. फार काही आदळआपट केली नाही. फ्रीजमध्ये तापमापी ठेवली, पाण्याचा नमुना घेतला, अंडी बघितली, दादाकडून भाताच्या पातेल्याची हकिगत ऐकली. किती वाजता शिजला, किती वाजता वाढला, उरलेल्याचं काय केलं. उरलेला पसरट ताटांत काढून लगेच थंड करतो, असं दादा म्हणाला तेव्हा त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि एक कागद काढला. डावीकडे बेचाळीस नावं, वर दोन दिवसांतले सगळे पदार्थ. खोल्याखोल्यांतून फिरून त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं. मास्तरांनी त्यांना वीस मिनिटं व्याख्यान दिलं म्हणे. मास्तर म्हणजे आमच्याकडचे नव्वदीचे निवृत्त शिक्षक, त्यांना फळांचा मनस्वी तिटकारा. फळं पाखरांनी खावीत, असं ते म्हणतात. मास्तर ठणठणीत होते आणि ते साऱ्या मजल्याला ऐकवत होते.

“हे बघा,” बाई म्हणाल्या. “सूप सगळ्यांनी प्यायलं. भात, भाजी सगळ्यांनी खाल्ली. पाणी तर सगळेच पितात. पण ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना चार वाजता फळं देत नाही ना तुम्ही?”

“नाही. उकडलेलं अंडं देतो.”

“अकरा जण. त्यातला एकही आजारी नाही. मास्तरही नाहीत. आणि आजारी पडलेल्या एकोणीसच्या एकोणीस जणांनी मंगळवारची फळं खाल्लीत.” त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. रकाने मला नीट दिसतसुद्धा नव्हते.

साहेब त्यांच्या मागे उभे होते. दादा शेगडीपाशी. ताई माझ्या शेजारी, इतकी जवळ की तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता.

“स्वयंपाकघरात गेल्या तीन-चार दिवसांत कुणाला उलट्या, जुलाब?”

दादा नाही म्हणाला. ताई नाही म्हणाली.

“मंगळवारी फळं कुणी चिरली?”

दादानं खाली बघितलं. साहेबांनी आमच्या दोघींकडे बघितलं. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. तोंडातून निघून गेलं.

“मी.”

“पोट बिघडलं होतं तुमचं?”

“हो. सोमवारी रात्रीपासून.”

ताईनं माझ्याकडे वळून बघितलं. मी बघितलं नाही. साहेबांचा आवाज चढला, पंधरा वर्षांची बाई आणि असं करते, वगैरे वगैरे. मी ऐकून घेतलं. मला खरंच हलकं वाटत होतं. मी कायम नोकरीत होते, मला एका दिवसात काढता येत नव्हतं. बोलणी बसतील, एखादी चौकशी होईल, आणि ताई वाचेल. लहानपणी तिनं माझ्यासाठी इतक्यांदा मार खाल्ला होता, एकदा माझी पाळी.

बाईंनी लिहून घेतलं. “मग तुम्ही आत्ताच घरी जा. जुलाब पूर्ण थांबल्यावर आणखी दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ती भिंतीवरची जेल या जंतूला पुरत नाही. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून घासून, वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे. टेबल, नळ, दारांच्या कड्या क्लोरीनच्या पाण्यानं पुसून घ्या. आज कच्चं काहीही द्यायचं नाही. बाकीचे दोघं बरे आहेत, ते काम करू शकतात.”

बाकीचे दोघं बरे आहेत. मी ॲप्रन काढला, खुंटीला अडकवला, पिशवी घेतली. त्या वाक्यात काही चुकतंय हे मला अजून कळलं नव्हतं. माणूस एकदा त्याग करायला लागला की त्याचं डोकं चालत नाही.

दारापाशी चपला घालताना मी मागे बघितलं. दादानं पेज उकळून ठेवली होती. जी माणसं अजून धडधाकट होती त्यांच्यासाठी पेले मांडायचे होते. ताई मागच्या संडासातून घाईघाईनं आली. सकाळपासूनची चौथी खेप. नळाखाली हात धरला न धरला, ॲप्रनला पुसला आणि पेले उचलायला लागली. एका हातात चार पेले उचलायची तिची पद्धत, चार बोटं चार पेल्यांच्या आत. मास्तरांचा पेलाही त्यात होता. निळ्या कडेचा, तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतो.

मी पिशवी टाकली आणि ओरडले, “ताई, ठेव ते!”

ती दचकली. एक पेला फुटला.

“बाई,” मी म्हणाले, “मी नव्हते. ती होती. ती अजून आजारी आहे.”

मी आजवर पुष्कळ कठीण गोष्टी केल्यात. नवऱ्याला घराबाहेर काढलंय, आईच्या तोंडात शेवटचं पाणी घातलंय. पण ताईकडे बोट करताना हात जसा जड झाला तसा कधी झाला नव्हता. ती फुटलेल्या पेल्याकडे बघत उभी राहिली.

तपासणीच्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. चिडतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या. लिहिलेला कागद उभा फाडला आणि नवा काढला. “गुन्हा अंगावर घेता येतो हो,” त्या म्हणाल्या. “जंतू कसा घ्याल? मी हे खरं मानून गेले असते तर शनिवारी पुन्हा आले असते. तेव्हा हे उरलेले तेवीसजण आडवे असते.”

मी मान खाली घातली.

“पण मला एक सांगा. आजारी माणसाला फळांवर का बसवलंत?”

मी सांगितलं. शेगडीची धग सोसत नाही, चक्कर येते, म्हणून बसून करायचं काम. आमच्यात असंच करतात. पहिल्यापासून. सांगता सांगता माझ्याच कानांना ते कसंतरी लागायला लागलं.

त्यांनी टेबलाकडे बोट केलं. “भात उकळतो, सूप उकळतं. हाताला काही लागलेलं असलं तरी पुष्कळसं तिथं मरतं. चिरलेलं फळ थेट तोंडात जातं. सगळ्या स्वयंपाकघरात एकच जागा अशी आहे की जिथं आजारी माणूस बसता कामा नये, आणि तुम्ही पंधरा वर्षं मायेनं त्यांना तिथंच बसवत आलात.” मग ताईकडे वळून, हळू आवाजात, “तुम्हाला तर घरीच राहायला हवं होतं. मागितली नाहीत का सुट्टी?”

ताई म्हणाली, “नाही मागितली.”

मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. घरात एकीनं एका वेळी वाचवायचं असतं, आता तिची पाळी होती. पण तिनं वाचवलं आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

जाताना बाईंनी साहेबांच्या हातात सूचनांचा कागद दिला आणि एक छापील तक्ताही. रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचं, दोन दिवसांत उलटी, जुलाब, ताप? हो किंवा नाही. खाली सही.

साहेबांनी तक्ता वाचला आणि ताईकडे बघून म्हणाले, “या बाईंना उद्यापासून यायला सांगू नका.”

“मी कामावरून काढा असं कुठेही लिहिलेलं नाही,” तपासणीच्या बाई म्हणाल्या. “बऱ्या होईपर्यंत घरी ठेवा असं लिहिलंय.”

“घरीच ठेवतोय की,” साहेब म्हणाले.

कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते बाईंच्या खात्यात येत नव्हतं. त्यांनी खोका खांद्याला लावला आणि चौथ्या जागेकडे गेल्या.

मी साहेबांपुढे गयावया केली. केली, त्यात लाज कसली? पायच काय ते धरायचे राहिले. त्यांनी विश्वस्तांचं नाव पुढे केलं, कोपऱ्यातल्या आजींच्या मुलाचं नाव पुढे केलं. आजी धोक्याबाहेर आहेत असा निरोप तोवर आला होता, पण मुलाला दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. शेवटी म्हणाले, “मोठ्या बाई, सुट्टी न मागता आजारपणात कामावर आली, हे तिनंच सांगितलंय.”

मी तिथं खरं बोलायला हवं होतं. तिनं मागितली होती, मी दिली नाही. जिभेवर आलं होतं. पण आधीच खोटं पकडलं गेलंय, आता हेही बोलले तर दोघी जाऊ, घरात चूल पेटणार नाही, असा हिशेब मनानं दोन सेकंदांत केला, आणि मी गप्प बसले. मी हे लिहून ठेवते आहे, कारण मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी मीठ-साखरेचं पाणी करून शेजारी ठेवलं. साबण लावून हात धुतले, बेचक्यांतून घासून. तिच्या उशाशी बसले.

“बोल ना काहीतरी. शिव्या दे.”

“तू नाव घेतलंस त्याचं काही नाही,” ती भिंतीलाच म्हणाली. “ते घ्यायलाच हवं होतं. मास्तरांचा पेला होता त्यात.” तिनं पांघरूण ओढून घेतलं. “पण मंगळवारी मी तुला सांगितलं होतं. मी बहिणीला सांगत होते. उत्तर मोठ्या बाईंनी दिलं.”

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती पाणी प्यायली आणि पुन्हा वळून पडली.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तर स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी होती. साहेबांनी कुणाकडून तरी रातोरात मिळवली होती. चाळिशीची, काटक, हातात स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळलेली. ओठ कोरडे. दादानं तिला बसायला स्टूल दिलं होतं आणि ती बसली नव्हती, नुसती स्टुलाला धरून उभी होती.

मी ॲप्रन बांधला आणि छापील तक्ता काढला. वर तारीख घातली. तिची चौकट नवीन होती.

“दोन दिवसांत उलटी, जुलाब, ताप, काही झालंय?”

तिनं साहेबांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “हो म्हटलं तर काय होतं?”

“दोन दिवस घरी.”

“आणि मग?”

मी पेन धरून उभी राहिले. आतून साहेबांच्या फोनवरच्या बोलण्याचा आवाज येत होता. मला तिला सांगायचं होतं की मग परत ये, जागा तुझीच. पण ते माझ्या हातात नव्हतं आणि ते खोटं आहे, हे तिला माझ्या तोंडावरच दिसलं असणार.

“मग ‘नाही’ लिहा,” ती म्हणाली आणि हात धुवायला नळाकडे गेली.